एक एकर टोमॅटो ठिबकवर: पाण्याचा आणि विद्राव्य खतांचा हिशोब पायरीपायरीने

ठिबक असलेल्या शेतात पाणी किती दिलं असं विचारलं, की उत्तर बहुधा तासांत येतं. "दोन तास चालवलं." आता ड्रिपर ताशी दोन लिटरचा असेल तर त्या दोन तासांत झाडाला चार लिटर मिळाले, चार लिटरचा असेल तर आठ, आणि नळी अर्धी चोंदलेली असेल तर जेमतेम दोन. झाड तासांवर जगत नाही, लिटरवर जगतं. ठिबकचा खरा फायदा लिटर मोजणाऱ्यालाच मिळतो असं माझं ठाम मत आहे. न मोजता चालवलेलं ठिबक कित्येकदा पाटपाण्याहून वाईट ठरतं, कारण पाटाने जास्त झालेलं पाणी डोळ्यांना दिसतं, ठिबकने जास्त झालेलं दिसत नाही.

खालचा सगळा हिशोब एक एकर उन्हाळी टोमॅटोचा आहे. जुन्नर, संगमनेर, नाशिककडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लागवड होते तसा. मिरची, वांगी, ढोबळीसाठी आकडे बदलतील, रीत हीच राहील.

आधी विहीर मोजा

रोपांची ऑर्डर देण्याआधीचं हे काम आहे. आपल्याकडे टोमॅटोला सर्वांत जास्त पाणी लागतं ते एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, झाड फळांनी लदलेलं असताना. तेव्हा एकराला रोज साधारण ३२ ते ३३ हजार लिटर लागू शकतात (हा आकडा कसा आला ते पुढे येईल). वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. म्हणजे एप्रिलमध्ये त्या विहिरीने दिवसाला पावणेचार फूट पाणी भरून दिलं पाहिजे, तेही फक्त या एका एकरासाठी. मागच्या एप्रिलमध्ये उपसा केल्यावर विहीर रात्रीत किती फूट चढायची ते आठवा. दोनच फूट चढत असेल तर अर्धाच एकर लावा. अर्ध्या एकराचा ताजातवाना प्लॉट एकराच्या सुकलेल्या प्लॉटपेक्षा नेहमी जास्त पैसे देतो.

त्याच वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता, बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि लोह एवढं तरी तपासून घ्या. माती परीक्षण बरेच जण करतात, पाण्याचं फार थोडे करतात. नळ्या चोंदणार की नाही, आणि चोंदल्या तर कशाने, हे मात्र पाण्याच्याच अहवालात लिहिलेलं असतं.

नळी, ड्रिपर आणि अंतर

दोन बेडच्या मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट म्हणजे दीड मीटर, आणि प्रत्येक बेडवर १६ मिमीची एक इनलाइन (ड्रिपर आतच बसवलेली) नळी. एकराला सुमारे २,७०० मीटर नळी लागते. दर ४० सेंमीवर ड्रिपर धरला तर एकरात सुमारे ६,७४५ ड्रिपर होतात. रोपही ४० सेंमीवर लावलं, की झाडागणिक एक ड्रिपर आणि हिशोब एकदम सोपा. ड्रिपर ताशी दोन लिटरचा घेतला तर सगळा एकर तासाला साधारण १३,५०० लिटर पाणी घेतो, चार लिटरचा घेतला तर २७,००० लिटर.

इथे पंपाचा विचार करा. फिल्टर, व्हेंच्युरी (वाहत्या पाण्याच्या जोरावर खताचं द्रावण ओढून घेणारं साधन) आणि पाइपातलं घर्षण धरून तुमचा पंप तासाला किती पाणी देतो? तो वीस हजार लिटर देत असेल तर चार लिटरच्या ड्रिपरवर अख्खा एकर एकदम चालणार नाही. दाब पडेल, जवळच्या झाडांना भरपूर आणि शेवटच्या झाडांना थेंबथेंब मिळेल. मग दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह ठेवावे लागतात, आणि आठ तासांच्या विजेत पाळ्या बसवणं अवघड जातं. मी भाजीपाल्याला दोन लिटरचाच ड्रिपर सुचवतो. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं, तिथे अंतर ३० सेंमी घ्या. भारी काळ्या जमिनीत पाणी आडवं चांगलं पसरतं, तिथे ४० ते ५० सेंमी चालतं. अशा जमिनीत चार लिटरच्या ड्रिपरखाली डबकं साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि मर रोगाला आमंत्रण मिळतं.

कांदा-लसणाची मांडणी वेगळी असते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने रुंद गादीवाफ्याची शिफारस केली आहे: माथा १२० सेंमी, उंची १५ सेंमी, मध्ये ४५ सेंमीची सरी आणि एका गादीवर ६० सेंमी अंतराने दोन नळ्या. टोमॅटोची एक नळीची पद्धत कांद्यावर लादू नका.

जोडणीचा क्रम

पंप, मग नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, मग बोअरचं वाळूमिश्रित पाणी असेल तर हायड्रोसायक्लोन, शेततळ्याचं किंवा कालव्याचं शेवाळी पाणी असेल तर सँड फिल्टर. त्यापुढे व्हेंच्युरी, आणि व्हेंच्युरीच्या पुढे स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर. हा शेवटचा क्रम उलटा केलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. खत सोडायची जागा स्क्रीनच्या आधीच हवी, म्हणजे न विरघळलेला कण जाळीत अडकेल, ड्रिपरमध्ये जाणार नाही. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर वीज गेल्याबरोबर खताचं पाणी उलटं विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी घरी प्यायला जात असेल तर गोष्ट गंभीर आहे. या एका व्हॉल्व्हवर काटकसर करू नका.

फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक लावा. दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा अर्ध्या किलोने (चौरस सेंटिमीटरला) वाढला की फिल्टर धुवा. सबमेनवर (ज्या पाइपातून नळ्या निघतात त्यावर) दाब एक किलोच्या आसपास हवा, कारण ड्रिपरवर छापलेला प्रवाह त्या दाबाचा असतो. प्रत्येक सबमेनच्या शेवटी फ्लश व्हॉल्व्ह हवाच.

अनुदान घेणार असाल तर खरेदीआधी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती घ्या. केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' आणि राज्याची पूरक योजना मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या ८० टक्के, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत मदत धरलेली आहे. साहित्य आधी घेऊन नंतर अर्ज केला तर ते अनुदानात बसत नाही.

बाटली आणि घड्याळ: एका सकाळची तपासणी

संच बसला, दाब जुळला, आता मोजा. चार नळ्या निवडा: पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर चार जागा: सुरुवात, एकतृतीयांश, दोनतृतीयांश आणि शेवट. ड्रिपरखाली माती उकरून वाटी ठेवा आणि बरोबर तीन मिनिटं पाणी धरा. दोन लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत १०० मिली यायला हवं. मेडिकलमध्ये मिळणारा मापाचा कप यासाठी पुरतो.

सोळा आकडे वहीत लिहा आणि सरासरी काढा. मग सर्वांत कमी आलेल्या चारांची वेगळी सरासरी काढून तिला एकूण सरासरीने भागा. ९० टक्क्यांच्या वर आलं तर संच उत्तम आहे. ८० च्या खाली आलं तर खत सोडायचा विचारही नको, कारण ज्या झाडांना पाणी कमी, त्यांना खतही तेवढंच कमी जाणार. शेवटच्या जागेवरचे आकडे सगळीकडे कमी असतील तर दाब किंवा नळीची लांबी पाहा. आकडे कुठेही, कसेही कमी-जास्त असतील तर ड्रिपर चोंदले आहेत. ही तपासणी दर महिन्याला करावी. मल्चिंग (बेडवर अंथरलेला प्लास्टिक पेपर) असेल तर तपासणीच्या जागी पेपरला छोटी चीर देऊन ठेवा.

रोज किती पाणी

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या हवामान केंद्रात बाष्पीभवनाचा रोजचा आकडा, म्हणजे उघड्या पात्रातलं किती मिलिमीटर पाणी उडालं तो, मिळतो. त्याला पात्राचा गुणांक ०.७ ने गुणा, मग पिकाच्या अवस्थेच्या गुणांकाने. टोमॅटोसाठी हा गुणांक सुरुवातीला ०.६, भर फुलोरा आणि फळधारणेत १.१५, शेवटी ०.८ धरतात. आलेल्या मिलिमीटरला एका झाडाच्या क्षेत्राने (१.५ × ०.४ = ०.६ चौरस मीटर) गुणलं की लिटर मिळतात. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ०.९ ने भागा.

फेब्रुवारीत लागवडीनंतर बाष्पीभवन ५ मिमी असेल तर ५ × ०.७ × ०.६ = २.१ मिमी, झाडाला सुमारे १.४ लिटर. दोन लिटरचा ड्रिपर असेल तर ४२ मिनिटं. एप्रिलमध्ये बाष्पीभवन ९ मिमी आणि झाड भरात असेल तर ९ × ०.७ × १.१५ = ७.२ मिमी, झाडाला ४.८ लिटर, म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं. ४.८ लिटरला ६,७४५ झाडांनी गुणा, वरचा ३२ हजारांचा आकडा तिथून आलेला आहे. मल्चिंग पेपर असेल तर ही गरज १० ते ३० टक्क्यांनी कमी होते, पण आधी दहाच टक्के कमी करा आणि माती पाहून पुढे जा.

माती पाहणं म्हणजे काय? ठिबक बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा चालू करण्याआधी, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर एक फूट खोल खड्डा घ्या. तळाची मूठभर माती दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. बोटांच्या फटीतून चिखल आला तर पाणी जास्त झालं. लाडू वळलाच नाही तर कमी पडलं. कागदावरचा हिशोब आणि हा लाडू यांचं जुळत नसेल तर लाडवाचं ऐका. टेन्शिओमीटर (मातीतला ओलावा काट्यावर दाखवणारं उपकरण) मिळाला तर फारच चांगलं: फूटभर खोलीवर काटा २० ते ३० सेंटिबारच्या दरम्यान आला की पाणी द्यायचं.

हलक्या जमिनीत एप्रिलचे दोन-अडीच तास सकाळ आणि दुपार असे विभागून द्या. दिवसातून एकदाच दिलं तर बरंच पाणी, आणि त्याबरोबर बराच नत्र, मुळांच्या खाली निघून जातो.

खताचा हिशोब

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोसाठीची शिफारस हेक्टरी ३००:१५०:१५० किलो नत्र, स्फुरद, पालाश आहे. एकराला १२०:६०:६०. ठिबकमधून विभागून दिल्यावर साधारण २० ते २५ टक्के खत वाचतं असं धरतात. मी इथे २० टक्के कमी केलं आहे, म्हणजे ९६:४८:४८. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाला (काळ्या जमिनीत बहुधा निघतो) तर तो आणखी कमी करा.

बेड भरताना एकरी आठ ते दहा टन कुजलेलं शेणखत आणि तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे १५० किलो. त्यातून २४ किलो स्फुरद गेला. सुपर फॉस्फेट ठिबकमधून जात नाही, त्याची जागा बेडमध्येच. उरलेलं सगळं ठिबकमधून (१२:६१:०० सारखे आकडे म्हणजे खतातले नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के):

- १२:६१:०० – ४० किलो
- युरिया – १६५ किलो
- कॅल्शियम नायट्रेट – ५० किलो
- १३:००:४५ – ६० किलो
- ००:००:५० – ४२ किलो

गुणाकार करून पाहा, ९६:४८:४८ जुळतं. दुकानात विद्राव्य खताची पोती दाखवून "हे आठवड्याला पाच किलो, ते पाच किलो" असं सांगतात. त्यावर विसंबू नका, पोत्यावरच्या टक्क्यांनी असा हिशोब स्वतः मांडा. बहुतेक प्लॉटमध्ये १९:१९:१९ गरजेपेक्षा जास्त आणि युरिया गरजेपेक्षा कमी पडताना दिसतो, कारण युरिया स्वस्त म्हणून हलका समजला जातो. ठिबकमधून युरिया अतिशय चांगला जातो.

आता वाटणी. लागवडीनंतर आठवडाभर खत नको. आठव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत आठवड्यातून तीनदा, दर वेळी १२:६१:०० पावणेतीन किलो आणि युरिया चार किलो. एकतिसाव्या ते साठाव्या दिवसापर्यंत सोमवारी आणि शुक्रवारी १२:६१:०० दोन किलो व युरिया साडेसात किलो, तर बुधवारी कॅल्शियम नायट्रेट सव्वासहा किलो व १३:००:४५ पाच किलो. साठ दिवसांनंतर पुढचे आठ आठवडे सोमवारी आणि शुक्रवारी युरिया सव्वाचार ते साडेचार, १३:००:४५ अडीच आणि ००:००:५० अडीच किलोच्या थोडं वर, तर बुधवारी फक्त कॅल्शियम नायट्रेट तीन किलो.

बुधवार वेगळा ठेवण्याचं कारण आहे. कॅल्शियम नायट्रेट स्फुरदयुक्त खतात मिसळलं की कॅल्शियम फॉस्फेट आणि सल्फेटयुक्त खतात मिसळलं की जिप्सम तयार होतं. दोन्ही पांढरा साका होऊन ड्रिपरच्या वाटेत बसतात. ००:००:५० आणि मॅग्नेशियम सल्फेट ही दोन्ही सल्फेटच आहेत. शंका असेल तर काचेच्या बरणीत तुमच्याच विहिरीचं पाणी घेऊन खतं त्याच प्रमाणात मिसळा आणि एक दिवस ठेवा. तळाशी साका किंवा पाणी दुधाळ दिसलं तर ते मिश्रण ठिबकमध्ये सोडू नका. डीएपी रात्रभर भिजवून निवळी सोडायची पद्धत आहे, तिने ड्रिपर खराब होतात. लाल पोटॅशही तसंच, पोटॅश द्यायचंच तर पांढरं घ्या.

फळाच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडला की लगेच कॅल्शियमचा डोस वाढवतात. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो: दोन दिवस ताण, मग एकदम भरपूर. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातो, पाणी एकसारखं नसेल तर नळीतलं कॅल्शियम फळात पोचत नाही.

खत सोडायचं कसं

आधी व्हेंच्युरीचा वेग मोजा. मुख्य लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून दाबात फरक निर्माण करा, शोषनळी दहा लिटर साध्या पाण्याच्या बादलीत टाका आणि वेळ पाहा. सहा मिनिटांत बादली संपली तर वेग ताशी १०० लिटर. मग ४० लिटर द्रावण २४ मिनिटांत जाईल.

खत विरघळवताना ००:००:५० कडे विशेष लक्ष द्या, ते लिटरला जेमतेम शंभर ग्रॅम विरघळतं. अडीच किलोला किमान पंचवीस लिटर पाणी हवं. युरिया आणि १३:००:४५ विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात, बादली बाहेरून गार लागते, प्रसंगी दव धरते. थंडीच्या सकाळी म्हणूनच तळाशी खडे राहतात. कोमट ऊन लागलेलं पाणी घ्या, ढवळा आणि फडक्यातून गाळून मगच ड्रममध्ये ओता.

वेळेचे तीन भाग करा. आधी साधं पाणी, सगळ्या नळ्या दाबात येईपर्यंत. मग खत. शेवटी पुन्हा साधं पाणी, किमान दहा ते पंधरा मिनिटं, म्हणजे नळीत खत उरत नाही आणि शेवाळ धरत नाही. ४२ मिनिटांच्या पाळीत १० मिनिटं साधं, २० मिनिटं खत, १२ मिनिटं साधं असं बसतं. मोठ्या पाळीत मात्र खत सुरुवातीलाच सोडू नका, नंतरचं दीड तासाचं पाणी ते मुळांच्या खाली ढकलतं. खत शेवटच्या तासात यावं. पाण्यातली खताची तीव्रता लिटरला दोन ग्रॅमच्या आत ठेवा: सात किलो खत २० मिनिटांत सोडलं तर त्या वेळात सुमारे ४,५०० लिटर पाणी जातं, म्हणजे दीड ग्रॅम. विहिरीचं पाणी मुळातच खारट असेल तर एक ग्रॅमच्या आत या.

पावसाळी पिकात वेगळी अडचण येते: पाण्याची गरज नाही, पण खत तर द्यायचं आहे. तेव्हा खत कमी पाण्यात एकवटून तीव्रता वाढवायची नाही. डोस अर्धा करून दिवस वाढवा आणि एकूण पाळी पंचवीस-तीस मिनिटांत आटपा. उन्हाळी प्लॉटवर वळवाचा पहिला हलका पाऊस पडला तर मात्र ठिबक थोडा वेळ चालू ठेवा. ओलाव्याच्या कडेला साठलेले क्षार त्या पावसाने मुळांकडे ढकलले जातात, आणि दोन दिवसांत पानांच्या कडा जळलेल्या दिसतात.

नळ्यांची निगा

आठवड्यातून एकदा सबमेनचे फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग पाच-सहा नळ्यांची टोकं एका वेळी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. सगळी टोकं एकदम उघडली तर दाब पडतो आणि घाण जागची हलत नाही.

ड्रिपर कापून आत पाहा. पांढरा, खरखरीत थर असेल तर क्षार, त्यावर आम्लप्रक्रिया. हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असेल तर शेवाळ आणि जिवाणू, त्यावर क्लोरीन. आम्लासाठी बादलीभर विहिरीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं टाकत पीएच कागदाने सामू चारवर येईपर्यंत मोजा. त्याच प्रमाणात ते व्हेंच्युरीतून सोडा, शेवटच्या ड्रिपरला सामू चार आला की पंप बंद करून चोवीस तास ठेवा आणि मग सगळ्या नळ्या धुवा. आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडरची निवळी, पाण्यात २० ते ३० पीपीएम (दहा लाख भागांत २० ते ३० भाग) क्लोरीन राहील इतकी, तीही चोवीस तास ठेवून मग धुवायची. ही दोन्ही कामं पीक निघाल्यावर करावीत. आम्ल आणि ब्लीचिंग एका दिवशी, एका ड्रममध्ये किंवा एकापाठोपाठ कधीही नको, त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीव घेऊ शकतो. मध्ये नळ्या भरपूर साध्या पाण्याने धुऊन किमान एक दिवस जाऊ द्या.

हंगाम संपल्यावर मल्चिंग पेपर आधी काढा, मग नळी. उलट केलं तर पेपरच्या कडेत अडकून नळीला पीळ पडतो आणि पीळ पडलेली जागा पुढच्या वर्षी तिथेच फुटते. एका नळीचं एक वेटोळं, मोठं आणि गोल, दोन्ही टोकं बांधून, वर सबमेनच्या क्रमाची चिठ्ठी. गोठ्याच्या माळ्यावर ठेवणार असाल तर तारेवर टांगा, जमिनीवर रचलेली वेटोळी उंदरांना फार आवडतात.